बिनचिठ्ठीची ट्यूब आणि घरभर गजकर्ण

पावसाळा लागला की ठाण्यातल्या कुठल्याही मेडिकलच्या काउंटरवर पाच मिनिटं उभं राहा. कोणीतरी येतं, इकडेतिकडे बघतं, आवाज बारीक करून म्हणतं, "खाजेचं काहीतरी द्या ना." पोरगा मोबाईलमधून मान वर न काढता एक ट्यूब सरकवतो. "लावा, एक नंबर आहे." कुठे खाज येते, कधीपासून येते, घरात अजून कोणाला आहे का, काही म्हणजे काही विचारत नाही. डॉक्टरची चिठ्ठी? ती मागितली तर गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात जाईल ना!

माझ्या धाकट्या भावाला अशीच ट्यूब मिळाली. रबाळ्याला नोकरी, ट्रान्स हार्बर लोकलच्या गर्दीत घामाने निथळायचं, वर भिजलेली जीन्स दिवसभर अंगावर. जांघेत गजकर्ण, म्हणजे कातडीवरचा बुरशीचा संसर्ग, झालं यात नवल ते काय? गोल चट्टा, लाल उठावदार कड, कडेला पापुद्रे, मधली कातडी त्यातल्या त्यात बरी. ट्यूब लावली, खाज थांबली, स्वारी खूश. बंद केली की दुप्पट! मग पुन्हा तीच ट्यूब. चट्टा जांघेतून कमरेवर, कमरेवरून पाठीवर.

मी ट्यूबच्या खोक्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि डोकंच सणकलं. क्लोबेटासॉल, म्हणजे सगळ्यात जहाल स्टेरॉइडांपैकी एक. जोडीला बुरशीवरचं टर्बिनाफिन, जिवाणूंवरचं ऑफ्लोक्सॅसिन आणि ऑर्निडाझोल. ऑर्निडाझोल पोटातल्या अमिबावर देतात हो! ते जांघेत काय करणार? एकाच ट्यूबमध्ये सगळं कोंबलं की कुठलं ना कुठलं लागू पडेल, असा हिशेब. स्टेरॉइडने लाली आणि खाज दबते, पण तिथली प्रतिकारशक्तीही दबते, आणि बुरशी निवांत पसरते. वर चट्ट्याचं रूप इतकं बदलतं की डॉक्टरलाही चटकन ओळखू येत नाही. जांघेतली कातडी आधीच नाजूक, ती पातळ होऊन ताणल्यासारखे वळ उठतात. ते जन्मभर जात नाहीत.

आणि हे काय कायद्याला माहीत नाही? 2016 मध्ये केंद्र सरकारने एका झटक्यात 344 मिश्र औषधांवर, म्हणजे एकात अनेक औषधं कोंबलेल्यांवर, बंदी घातली, मग कोर्टकज्जे झाले. 2018 मध्ये कितीतरी स्टेरॉइड क्रीम शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. कागदावर सगळं चोख. काउंटरवर मात्र "एक नंबर आहे".

शेवटी त्याला ओढत त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी चट्ट्याची कड हलकेच खरवडली, पापुद्रे काचपट्टीवर घेऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे दाखवले. झालं निदान! मग बुरशीवरच्या इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल, जेवणानंतर, कित्येक आठवडे. लावायला बिनस्टेरॉइडचं साधं बुरशीनाशक ल्युलिकोनॅझोल, तेही चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत. चट्टा दिसेनासा झाला तरी थांबायचं नाही. पूर्वी टर्बिनाफिनच्या गोळ्यांवर हे लवकर आटपायचं. आता ट्रायकोफायटन इंडोटिनी नावाची बुरशीची जात पसरली आहे, 2020 मध्ये तिला वेगळं नाव मिळालं, आणि तिच्यावर बऱ्याचदा टर्बिनाफिन चालतच नाही.

त्यात बिल्डिंगमधले वैद्य. "रक्त अशुद्ध असेल, कारल्याचा रस दे." अहो, ही बुरशी कातडीच्या वरच्या मेलेल्या थरातलं केराटिन खाऊन जगते, रक्ताचा काय संबंध! दुसऱ्या काकूंनी लसूण ठेचून लावायला सांगितला. खाजवून सोललेल्या कातडीवर लसूण! आधी स्वतःच्या हाताला लावून बघा म्हणावं.

एव्हाना आईच्या पोटावरही चट्टा उठला होता. एकच टॉवेल वापरायची आपली थोर परंपरा. डॉक्टर म्हणाले, घरात ज्यांना ज्यांना आहे त्या सगळ्यांनी एकदमच उपचार घ्या, टॉवेल-कपडे वेगळे ठेवा, गरम पाण्यात धुवा, उन्हात वाळवा, शिवणीवरून इस्त्री फिरवा.

उन्हात! घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये! आमच्या सोसायटीचा नियम आहे, बाल्कनीच्या कठड्यावर कपडा दिसला की दंड. का, तर इमारतीचा लूक बिघडतो. म्हणजे ओल्या चड्ड्या पंख्याखाली, बेडरूममध्ये, दोरीवर, आंबूस वास घेत. मी कमिटीला रीतसर पत्र दिलंय, डॉक्टरांच्या सूचनांची झेरॉक्स जोडून. सेक्रेटरी म्हणतात, विषय पुढच्या मीटिंगला घेऊ. बोलताना मांडी खाजवत होते, ते सोडा. आणि हो, खिशातून त्याच ट्यूबचं टोक बाहेर डोकावत होतं.