पाण्याचं तेवढं बघा

बैठकीत मी एवढंच विचारलं, ''पण चालणाऱ्यांच्या पाण्याचं काय?'' झालं. अध्यक्षांनी माझ्याकडे प्रेमानं पाहिलं आणि वहीत 'पाणी' या शब्दापुढे माझं नाव पडलं. स्वच्छ पाण्यासाठी निधी जमवायचा म्हणून पाच किलोमीटरची पदयात्रा काढायची, आणि तीन बैठका टी-शर्टचा निळा आकाशी असावा की गडद, यावर! (शेवटी जो आला त्याचा रंग घामाबरोबर अंगावर उतरला.)

निधीची पद्धत सोपी होती: आपण जितके किलोमीटर चालू, त्या हिशेबानं ओळखीपाळखीच्यांनी पैसे द्यायचे. माझ्या धाकट्या मेहुण्यानं दर किलोमीटरमागे भलीमोठी रक्कम कबूल केली. माझ्या गुडघ्यांवर त्याचा पूर्ण भरवसा होता.

समितीतल्या एका ताईंना वाटत होतं, शेवटचा किलोमीटर प्रत्येकानं वीस लिटरचा कॅन उचलून चालावं. मी म्हणालो, ''ताई, वीस लिटर म्हणजे वीस किलो!'' त्या म्हणाल्या, ''रोज लांबून आणणाऱ्या बायकांचं पाणी वजनाला कमी भरतं का?'' यावर कोणीच काही बोललं नाही, आणि ठराव पुढच्या बैठकीवर ढकलला गेला.

यात्रेच्या सकाळी नोंदणीची रांग चाळीस मिनिटं हलेना. पाणी आणायला जाऊन-येऊन, रांगेसकट तीस मिनिटांपेक्षा जास्त लागली, तर ती सोय 'मूलभूत' नव्हे, 'मर्यादित' धरतात, असा जागतिक निकष आहे. त्या मापानं आमची नोंदणीही मर्यादितच. ड्रम आला होता, तोटी आली नव्हती. प्रमुख पाहुणे उन्हात सांगत होते, ''2010 साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं पाणी हा मानवी हक्क मानला!'' मागून एक पोरगं ओरडलं, ''मग आमचा हक्क कुठंय?'' सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

खरी गंमत तिसऱ्या किलोमीटरवर. तिथलं पाणी संपल्याचा फोन आला तेव्हा मी शेवटच्या टप्प्यावर, भरलेल्या कॅनच्या राशीत उभा होतो. गाडी पाठवावी तर रस्ता वाहनांना बंद. कोणाच्या अर्जावरून? आमच्याच. खाली सही माझी.

उचलला एक कॅन. आधी खांद्यावर, मग डोक्यावर, मग लेकराला घ्यावं तसा कवेत. पाणी गुमान बसत नाही. आपण डावीकडे झुकलो की ते उजवीकडे निघतं. त्यात झाकण सैल. समोरून येणाऱ्यांना वाटलं, हे प्रात्यक्षिक आहे. टाळ्या पडल्या, फोटो निघाले, ''काय तळमळ आहे हो!'' असंही कोणी म्हणालं. कॅनला हात लावायला मात्र कोणी आलं नाही. ताई तेवढ्या दिसल्या. हसल्या, आणि हसतच पुढे गेल्या.

दोन किलोमीटर चालून पोहोचलो तेव्हा कॅन बराच हलका झाला होता आणि टी-शर्टचा निळा माझ्या चपलांपर्यंत उतरला होता. उरलेलं पाणी पहिल्या चौघांनी प्यायच्या आधी डोक्यावर ओतलं.

संध्याकाळी पावतीपुस्तक घेऊन मेहुण्याकडे गेलो. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, ''भावजी, पण तुम्ही तर उलटं चाललात. ते किलोमीटर वजा करायला हवेत.''