दोन पणज्या आणि चार हजार फाइली

गोव्यात ज्याच्या नावावर वडिलोपार्जित जमिनीचा एखादा तुकडा आहे त्याच्या घरी कागद असतात, आणि ज्याच्या नावावर तसा तुकडा नाही त्याच्या घरी तो का नाही हे सांगणारे कागद असतात. फोंडा तालुक्यातल्या आमच्या घरात दोन्ही प्रकारचे कागद आहेत. फॉर्म एक आणि चौदाचे उतारे, सर्व्हेचे नकाशे, पोर्तुगीज अमदानीतले नोंदणीचे दाखले, इन्व्हेंटरीच्या (म्हणजे मयताचे वारस आणि मालमत्ता यांच्या रीतसर यादीच्या) नकला, वाटण्यांच्या याद्या आणि कोणी कोणाला किती रुपये ‘तूर्त’ दिले याच्या चिठ्ठ्या, असा हा ऐवज आहे. मुलगे आणि मुली यांना समान वाटा देणारी पोर्तुगीज नागरी संहिता १८६७ ची आहे. तिच्या कृपेने आमच्या घराण्यात प्रत्येक पिढीनिशी वारस वाढत गेले, जमीन मात्र तेवढीच राहिली.

हे सगळे एका जागी लावण्याचे काम, घरात संगणकावर पोट भरणारा मी एकटाच असल्यामुळे, माझ्याकडे आले. प्रत्येक कागदाची मी मजकुराची एक साधी फाइल केली आणि त्या सगळ्या फाइली दस्तऐवजांचा आलेख मांडणाऱ्या एका प्रोग्रामच्या स्वाधीन केल्या. या प्रोग्रामात एखादे नाव दुहेरी चौकटी कंसात लिहिले की त्या नावाच्या फाइलीकडे दुवा जातो, आणि आपल्याकडे कोण कोण बोट दाखवते आहे हे त्या फाइलीलाही कळते. यातला दुसरा भाग महत्त्वाचा आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली सर्न या भौतिकशास्त्राच्या संशोधनसंस्थेत ज्याचा प्रस्ताव मांडला त्या वेबवर दुवा एकेरी असतो; पान नाहीसे झाले तर येणाऱ्याला चारशे चारची, म्हणजे ‘पान सापडत नाही’ अशी, पाटी दिसते आणि कोणाला त्याचे सोयरसुतक नसते. भाऊबंदकीत असे चालत नाही. आपले नाव कोणाकोणाच्या कागदात आहे, हेच तर येथे मुळात पाहायचे असते.

फाइली थोड्या होत्या तोवर प्रोग्राम गुणी होता. त्या चार हजारांच्या घरात गेल्या, त्यांतले दुवे तीस हजारांच्या आसपास पोचले, आणि मग मी दाबलेल्या प्रत्येक कळीवर तो चिंतन करू लागला. कंसात ‘देऊळवाडा’ असे लिहायला घ्यावे, ‘दे’ उमटावा आणि पडदा गोठावा. थोड्या वेळाने ‘देऊ’ यावा. शेजारी खुर्ची ओढून बसलेल्या काकांनी ‘देऊ’पर्यंत वाट पाहून विचारावे, “अरे, काय देऊ म्हणतोय तो?” त्यापुढचा मुक्काम ‘देऊळ’ येथे होई, आणि देऊळ नावाची एक फाइल आमच्याकडे खरोखरच असल्यामुळे अख्खा सर्व्हे नंबर क्षणभर जत्रेच्या वर्गणीच्या हिशेबाला जोडला जाई. काका दचकत. जमीन देवस्थानाला गेली अशी त्यांची समजूत होई आणि ती निघेपर्यंत ‘वा’ आलेला नसे.

प्रोग्रामचा कोड खुला होता, तेव्हा मी तो उघडून पाहिला. कोणत्याही फाइलीत काहीही बदलले की हा गृहस्थ तीस हजार दुवे पहिल्यापासून हातात घेत होता आणि प्रत्येक दुव्याचे नाव चार हजार फाइलींच्या नावांशी एकेक करून ताडून पाहत होता. म्हणजे एका कळीला बारा कोटी तुलना झाल्या. ‘देऊळवाडा’ लिहायला आठ कळा लागतात, त्यामुळे एका वाड्याला शहाण्णव कोटी! लोकशाही म्हणून ही पद्धत आदरणीय असेल, पण कोठे एक स्वल्पविराम पडला म्हणून अख्ख्या घराण्याची फेरचौकशी लावणे हा कारभार पाहून मला आमच्या एका दिवंगत आजोबांची आठवण झाली आणि मी तो कोड काही काळ मिटून ठेवला.

पहिला उपाय कोणालाही सुचेल असा होता. फाइलींच्या नावांचा एक कोष्टक-कोश करून ठेवला की नाव विचारताच फाइल हाती येते आणि चार हजार नावे चाळावी लागत नाहीत. बारा कोटींचे तीस हजार झाले. दुसरा उपाय म्हणजे शेवटची कळ दाबल्यावर तीनशे मिलिसेकंद थांबायचे आणि मगच कामाला लागायचे. हा उपाय सर्वत्र लोकप्रिय आहे, पण माझ्या मते तो उपाय नसून शिष्टाचार आहे. काम तेवढेच राहते. ते आपल्या बोटांच्या मध्ये येण्याऐवजी आपण श्वास घ्यायला थांबलो की येते.

खरी दिशा काकांनी दाखवली. ते जमीन नोंदीच्या कचेरीतून निवृत्त झाले आहेत आणि संगणकाविषयी त्यांचे मत चांगले नाही. मी तीस हजारांचा हिशेब सांगितला तेव्हा ते म्हणाले, “एका पोटहिश्श्यात नाव चढवायचं झालं, तर ज्यांचा त्या हिश्श्याशी संबंध आहे त्यांनाच आम्ही नोटीस काढायचो रे. अख्ख्या गावाला नोटीस काढली असती, तर साहेबांनी पहिली नोटीस मला काढली असती.”

हे वाक्य जसेच्या तसे कोडमध्ये उतरवता येते. फाइलीचा मजकूर बदलला, तर त्या फाइलीतून बाहेर जाणाऱ्या दुव्यांची जुनी यादी आणि नवी यादी ताडायची. फरक नसेल तर तेथेच थांबायचे. बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली लिहिलेला ‘मेक’ हा इतर प्रोग्राम त्यांच्या फाइलींतून बांधून देणारा जुना आणि मान्यवर प्रोग्राम फाइलीची वेळ नवी दिसली की तिच्यावर अवलंबून असलेले सगळे पुन्हा करायला घेतो, मग आत केवळ एक टिंब वाढलेले का असेना. यादी ताडणारा त्याहून शहाणा असतो, कारण टिंबामुळे कोणाचा हिस्सा बदलत नाही हे त्याला कळते.

अडचण ‘संबंध आहे’ या दोन शब्दांत निघाली. नवी फाइल आली तर तिच्याशी संबंध कोणाचा? तिच्याकडे आज दुवा कोणाचाच नाही, कारण ती आजच जन्मली. पण कोणीतरी चार वर्षांपूर्वी तिचे नाव कंसात लिहून ठेवलेले असू शकते. न लिहिलेल्या पानाकडे दुवा देणे हा प्रमाद नाही. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली पहिली विकी, म्हणजे वाचणाऱ्यांनाच पाने लिहिता येतील अशी साइट, सुरू केली तेव्हा अशा नावापुढे प्रश्नचिन्ह दिसे आणि ते दाबून पान लिहायला घेता येई. म्हणून पत्ता न लागलेल्या दुव्यांचीही नोंद ठेवावी लागते. ‘अमुक नाव आजवर कोणी कोणी विचारले’ अशी एक उलटी वही केली की नवी फाइल येताच त्या नावाचे पान उघडायचे आणि तेथे असतील तेवढ्यांनाच उठवायचे. इन्व्हेंटरीत लिस्बनला गेलेल्या आणि पन्नास वर्षे पत्र न पाठवलेल्या वारसाचेही नाव का घालतात, असे मी लहानपणी विचारले होते. त्याचे समाधानकारक उत्तर मला कोड लिहिताना मिळाले.

आणि मग पणजीचे प्रकरण उद्भवले.

‘गावे’ या फोल्डरात पणजी नावाची फाइल पहिल्यापासून होती. १८४३ साली हे शहर अधिकृत राजधानी झाले, जुने दस्त तेथेच नोंदलेले, सगळ्या कामांसाठी तेथेच खेटे घातलेले. साहजिकच तिच्याकडे शेकडो दुवे होते. पुढे आत्याने आमच्या पणजीविषयी, म्हणजे आजोबांच्या आईविषयी, बरीच माहिती सांगितली आणि मी ‘कुटुंब’ या फोल्डरात तिची फाइल केली. नाव अर्थातच पणजी. एका नावाच्या दोन फाइली असतील तर जवळच्या फोल्डरातली खरी मानावी, असा प्रोग्रामचा नियम आहे आणि तो वाईटही नाही. त्यामुळे ‘कुटुंब’ फोल्डरातल्या कागदांनी जेथे जेथे पणजी म्हटले होते, तेथे तेथे आता आजोबांची आई उभी राहायला हवी होती.

प्रत्यक्षात तसे लगेच झाले नाही, ही यातली गंमत. प्रोग्रामच्या मूळ लेखकांनी मधल्या काळात थोडी काटकसर करून ‘नवी फाइल आली की फक्त पत्ता न लागलेले दुवे तपासावेत’ अशी सुधारणा आणली होती. जुन्या दुव्यांना पत्ता मिळालेलाच होता, म्हणून त्यांना कोणी विचारले नाही. संध्याकाळपर्यंत पणजी हे शहर होते. रात्री वीज गेली, सकाळी संगणक पुन्हा सुरू झाला, प्रोग्रामने सगळे दुवे नव्याने सोडवले आणि काकांनी चहाच्या पेल्यासह जे पहिले वाक्य वाचले त्यात आजोबा बोटीने पणजीवर उतरत होते. त्याखाली पणजीचे रस्ते पावसात तुंबतात अशी नोंद होती, आणि राजधानीचा मान तिला १८४३ साली मिळाल्याचे पानाच्या कडेला दिसत होते. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, “बाई कर्तबगार होती हे ऐकून होतो.”

तेव्हा उलट्या वहीत केवळ निराधार दुवे ठेवून भागत नाही; ज्यांना उत्तर मिळाले आहे त्यांचीही नावे तेथेच राहू द्यावी लागतात, कारण अधिक जवळचा हक्कदार केव्हा जन्माला येईल याचा नेम नसतो. एका नावाखाली विचारणारे सगळे, मग त्यांचे समाधान झालेले असो वा नसो, त्या नावात काही हालचाल झाली की पुन्हा उठवायचे. पणजीच्या बाबतीत हे शेकडो निघतात, पण तीस हजार नव्हेत. बहुतेक नावांना विचारणारे दोन-चारच असतात आणि त्यांचे काम डोळ्याची पापणी लवण्याच्या आत उरकते.

टोपणनावांनी त्यात थोडी भर घातली. पोर्तुगीज दाखल्यांत पणजी ‘नोव्हा गोवा’ असते, साखळी ‘सांकेली’ असते, डिचोली ‘बिचोली’ असते. ही नावे फाइलीच्या माथ्यावर लिहून ठेवायची सोय आहे. पण याचा अर्थ असा की मजकुराचा साधा बदलही कधी कधी नावांच्या कोशालाच हात घालतो, म्हणून बाहेर जाणाऱ्या दुव्यांबरोबर माथ्यावरच्या नावांचीही जुनी-नवी यादी ताडावी लागते. हे एकदा लिहिले की संपते.

फोल्डरचे नाव बदलणे मात्र संपत नाही. आपल्या दृष्टीने ते एक काम असते. संगणक मात्र बऱ्याचदा ते ‘इतक्या फाइली गेल्या’ आणि ‘इतक्या फाइली आल्या’ अशा दोन स्वतंत्र बातम्यांत कळवतो. लिनक्स ही संगणकप्रणाली निदान कोठून हलले आणि कोठे पोचले या दोन्ही बातम्यांवर सारखाच क्रमांक घालून त्यांची जोडी लावू देते. सगळ्यांकडे एवढी माणुसकी नसते. पहिल्या बातमीवर प्रोग्राम घाईने विश्वास ठेवतो, सगळे दुवे तुटले म्हणून लाल होतात, आणि दुसरी बातमी आल्यावर ते पुन्हा निळे होतात. मधल्या क्षणी काकांनी पडद्याकडे पाहिले तर बारा तालुक्यांतली आपली सगळी मालमत्ता गेली असे त्यांना वाटते. यावर थांबणे हाच उपाय आहे, आणि येथे तो नुसता शिष्टाचार नाही. बातम्या थोडा वेळ साठवायच्या, गेलेले आणि आलेले परस्परांत वजा करायचे आणि शिल्लक राहील तेवढ्यावरच कारवाई करायची.

एवढे झाल्यावर हा बदलापुरताच केलेला हिशेब खरा आहे की नाही हे पाहण्यासाठी मी रोज रात्री जुन्या पद्धतीने सगळे दुवे पहिल्यापासून सोडवून दोन्ही निकाल जुळवू लागलो. ही खबरदारी प्रत्येकाने घ्यावी. निकाल जुळत होते, म्हणजे दोन्हींकडे सारखीच एक फाइल बेवारस निघत होती: ‘दुसऱ्या वाटणीचा नकाशा’. फाइल होती, दुवा होता, दोन्ही नावे पडद्यावर अक्षर न् अक्षर सारखी दिसत होती आणि प्रोग्राम त्यांना ओळख देत नव्हता. हा दोष मराठीच्या ‘ऱ्या’त दडलेला होता. तो दोन प्रकारे टाइप होतो: एकतर ‘ऱ’ हे वेगळे अक्षर घेऊन, नाहीतर साधा ‘र’, त्याला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक घालून. माझा कळफलक पहिला प्रकार करतो, काकांचा फोन दुसरा. संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी पद्धत म्हणजे युनिकोड; एकच मजकूर वेगवेगळ्या प्रकारे लिहिला असेल तर तो एकसारखा करणारे तिचे नेहमीचे प्रमाणीकरण या दोन प्रकारांना एक मानत नाही, आणि नुसता जोडक पुसून टाकला तर ‘दुसर्या’ असे तिसरेच काहीतरी शिल्लक राहते. शेवटी, कोशात नाव जाण्याआधी र, हलन्त आणि जोडक यांच्या जागी ‘ऱ’ आणि हलन्त ठेवावा, अशी एक ओळ मी स्वतंत्रपणे लिहिली. नकाशा घरी आला. त्यात आमच्या वाट्याला आलेला भाग काकांच्या आठवणीपेक्षा लहान निघाला, पण त्याला मी काही करू शकत नव्हतो.

आता अक्षरे बोटांबरोबर उमटतात. वेळ लागतो तो फक्त आलेखाच्या चित्राला. दुवा बदलला की चार हजार ठिपके एकमेकांना ढकलत, ओढत, थरथरत नव्या जागा शोधतात. बार्न्स आणि हट या दोन खगोलशास्त्रज्ञांनी ताऱ्यांच्या परस्पर आकर्षणाचा हिशेब थोडक्यात उरकण्यासाठी १९८६ साली काढलेली युक्ती यासाठीही वापरतात, तरी ठिपके स्थिरावायला थोडा अवधी जातोच. जेवढ्या ठिपक्यांचा संबंध आहे तेवढेच हलवावेत आणि बाकीचे जागच्या जागी खिळवून ठेवावेत, असे मी सुचवून पाहिले. काकांनी साफ नकार दिला. सगळे भाऊबंद एकाच वेळी जागचे हलले आहेत, हे त्यांना कचेरीतल्या अख्ख्या नोकरीत एकदाही पाहायला मिळाले नव्हते म्हणे.