डॅनीने गब्बर लाथाडला नव्हता, आणि बाकीच्यांचंही तसंच आहे

तो मेसेज परत फिरायला लागलाय. "या कलाकारांनी हातचे रोल घालवले आणि जन्मभर पस्तावले" असं हेडिंग, खाली डॅनी, दिलीपकुमार, राजकुमार, टॉम सेलेक, शॉन कॉनरी, विल स्मिथ सगळे एका रांगेत, प्रत्येकाच्या नावापुढे तो कसा गर्विष्ठ किंवा मूर्ख होता याची दोन वाक्यं, आणि शेवटी "दैव देतं आणि कर्म नेतं". वाचायला बरं वाटतं म्हणून लोक पुढे ढकलतात. पण यातलं बरंचसं चुकीचं नाहीतर अर्धवट आहे, आणि ज्यांना मूर्ख ठरवलंय त्यांनी आयुष्यभर इमानाने काम केलंय, त्यामुळे मला हे खरंच खटकतं.

सगळ्यात आधी डॅनी, कारण त्याच्यावर सगळ्यात जास्त अन्याय झालाय. मेसेज म्हणतो, "डॅनीला गब्बरचा रोल किरकोळ वाटला म्हणून त्याने लाथाडला." साफ खोटं. गब्बरसाठी डॅनीच ठरला होता. अडचण आली ती तारखांची. फिरोज खानच्या 'धर्मात्मा'ला त्याने आधीच होकार दिला होता आणि त्याचं शूटिंग होतं अफगाणिस्तानात. म्हणजे परक्या सरकारची परवानगी, अख्खं युनिट तिकडे न्यायचं, असलं आउटडोअर कुणा एका नटासाठी चार महिने पुढे सरकत नाही. इकडे 'शोले'साठी रमेश सिप्पी बंगळूरजवळ रामनगरच्या खडकांत गाव उभं करून बसलेले, तेही थांबू शकत नव्हते. डॅनीने आधी दिलेला शब्द पाळला, एवढंच झालं. दोन्ही सिनेमे १९७५ लाच आले आणि 'धर्मात्मा'ही चालला, हे मेसेजमध्ये कुठेच नाही.

आणि "नंतर त्याला कुणी विचारलं नाही" हे तर वाचवत नाही. 'अग्निपथ'चा कांचा चीना १९९० चा, 'हम'चा बख्तावर १९९१ चा, 'घातक'चा कात्या १९९६ चा, वर २००३ ला पद्मश्री. आपल्या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेला हा माणूस, सिक्कीमहून येऊन हिंदीत एवढा टिकला, आणि त्याची ओळख काय तर गब्बर हुकलेला नट!

दुसरं म्हणजे, आपण जो गब्बर ओळखतो तो अमजद खानचा आहे. खडकावर पट्टा घासत येणं, तळहातावर तंबाखू मळताना मधेच थांबून समोरच्याकडे बघणं, तो आवाज, ते हसणं. कागदावर डायलॉग तेच असते, पण डॅनीचा गब्बर वेगळाच झाला असता, कदाचित तोही जबरदस्त झाला असता. "हा रोल डॅनीचा होता" म्हणताना आपण अमजदने त्यात घातलेलं सगळं डॅनीच्या खात्यात टाकतो आणि मग त्याचं नुकसान मोजतो, हा हिशोबच चुकीचा आहे.

आता दिलीपकुमार. दावा असा की डेव्हिड लीनच्या 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'तला शरीफ अलीचा रोल त्यांनी नाकारला, तो थेट ओमर शरीफला गेला आणि "दिलीपसाबचं ऑस्कर गेलं". नकार दिला ही गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जाते, त्यावर माझा वाद नाही. पण पुढचं दोन्ही चूक. एक तर तो रोल थेट ओमर शरीफकडे गेला नाही, मधे मॉरिस रोने हा फ्रेंच नट घेतलेला होता. ओमर शरीफला आधी तफास या वाटाड्याचा छोटा रोल होता, म्हणजे ज्याला विहिरीपाशी अली गोळी घालतो तोच माणूस! नंतर रोने बाहेर पडला आणि शरीफला अली मिळाला. क्षितिजावर एक काळा ठिपका थरथरतोय आणि हळूहळू त्याचा उंटावरचा माणूस होतोय, ती एंट्री अशी त्याच्या वाट्याला आली. आणि दुसरं, ऑस्कर ओमर शरीफलाही मिळालं नव्हतं. फक्त नॉमिनेशन होतं, त्या वर्षी सहाय्यक अभिनेत्याचं बक्षीस एड बेगलीने नेलं. जे मिळालंच नाही ते दिलीपकुमारांनी घालवलं कसं?

त्या काळात ते स्वतः काय करत होते तेही बघा ना. १९६० ला 'मुघल-ए-आझम', १९६१ ला 'गंगा जमुना', जो त्यांनीच निर्माण केला आणि ज्यात हिरो गावाकडची बोली बोलतो. एवढं हातात असलेल्या माणसाने नाही म्हटलं तर त्याला घाबरट का म्हणायचं? 'प्यासा'चंही तसंच, तो त्यांनी केला नाही म्हणून गुरुदत्त स्वतः कॅमेऱ्यासमोर उभे राहिले, आणि त्याबद्दल हळहळणारा प्रेक्षक मला तरी अजून भेटलेला नाही.

'जंजीर'बद्दल म्हणे राजकुमारने प्रकाश मेहरांच्या डोक्याच्या तेलाचा वास आवडला नाही म्हणून सिनेमा सोडला. हा किस्सा प्रत्येक जण वेगळा सांगतो, त्याच्यावरून माणसाची अक्कल काढू नका. १९७३ चा बाजार बघा. राजेश खन्नाच्या गाण्यांवर थिएटरं भरत होती, आणि सलीम-जावेदच्या कथेतला इन्स्पेक्टर विजय अख्ख्या सिनेमात एकही गाणं म्हणत नाही, 'यारी है ईमान मेरा' प्राणवर आहे. धर्मेंद्र, देव आनंद, राजकुमार या तिघांचीही नावं त्या रोलसाठी घेतली जातात. जमलेल्या स्टारने तेव्हा असला रोल टाळला तर त्यात आश्चर्य नाही. अमिताभ तेव्हा लागोपाठ पडलेले सिनेमे घेऊन उभा होता, त्याला गमावण्यासारखं फारसं नव्हतं.

टॉम सेलेकने इंडियाना जोन्स "टीव्हीच्या हट्टापायी सोडला" हे तर उलटंच आहे. लुकास आणि स्पीलबर्गने त्याला निवडलं होतं, त्यालाही करायचा होता, पण 'मॅग्नम पी. आय.' या मालिकेसाठी तो सीबीएस चॅनेलच्या काँट्रॅक्टमध्ये अडकलेला आणि चॅनेलने सोडलं नाही. वाईट म्हणजे १९८० च्या नटांच्या संपामुळे मालिकेचं शूटिंग लांबलं, म्हणजे सोडलं असतं तर दोन्ही झालं असतं. हे त्याचं दुर्दैव म्हणा, चूक म्हणू नका. त्याच मालिकेने त्याला १९८४ ला एमी मिळवून दिलं.

नव्या आवृत्तीत शाहरुखलाही घुसवलंय, "मुन्नाभाई नाकारला" म्हणून. २००३ ला त्याच्या पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं, बास. संजय दत्त आधीपासून त्याच सिनेमात होता, जिमी शेरगिलने केलेल्या रोलसाठी.

शॉन कॉनरीचा नकार मात्र खराच. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला गँडाल्फ हा जादूगार आपल्याला कळलाच नाही असं तो स्वतः म्हणायचा. पण त्याचं "पंचेचाळीस कोटी डॉलरचं नुकसान" कसं काढलंय? तिन्ही सिनेमांची सगळी कमाई धरून त्यातला टक्का काढलाय, म्हणजे कॉनरी असता तरी कमाई अगदी तेवढीच झाली असती असं गृहीत धरून. सत्तरीला टेकलेल्या, ज्याला गोष्टच पटलेली नाही अशा माणसाने न्यूझीलंडला वर्षभराहून जास्त राहून तीन सिनेमे ओढले असते तर ते, शेवटी ज्याने गँडाल्फ केला त्या इयन मॅकेलनसारखे झाले असते का?

राहिला विल स्मिथ. 'मॅट्रिक्स' सोडून त्याने 'वाइल्ड वाइल्ड वेस्ट' केला, ही चूक होती हे तो उघड मान्य करतो. पण २०१९ च्या त्याच व्हिडिओत तो हेही सांगतो की कियानू रीव्ह्ज त्या रोलमध्ये परफेक्ट होता आणि मी केला असता तर सिनेमाची वाट लावली असती. मेसेजवाल्यांनी पहिलं वाक्य घेतलं आणि दुसरं गाळलं.