"बेळगावात बसून" ह्या प्रतिक्रियेला उत्तर

साहेब, हॉलिवूडचे स्टुडिओ येणाऱ्या पिक्चरची जी पुस्तकं थिएटरवाल्यांना पाठवायचे त्यांच्यावरच्या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, लगेच उत्तर लिहायला बसलेलो पण रागात लिहू नये म्हणून सकाळपर्यंत थांबलो. आधी तुमचं बरोबर आहे ते मान्य करतो. प्रभात फिल्म कंपनी पुण्यात सुरू झाली असं मी लिहिलं ते चूक, कंपनी १९२९ला कोल्हापुरात निघाली, १९३३ला पुण्याला गेली. दुरुस्त करतो.

आता तुमचं ते वाक्य. "बेळगावात बसून हॉलिवूडच्या धंद्यातलं काय कळणार, स्टुडिओ थिएटरवाल्यांना पाठवायचे ते पुस्तक म्हणजे साधी जाहिरात होती." मुद्दा खोडायचा तर खोडा की, गाव कशाला काढता? इथं राहून मराठी लिहितो वाचतो म्हणून आधीच कमी ऐकून घ्यावं लागतंय का आम्हाला, त्यात आपल्याच माणसानं असं बोलायचं?

आणि कळायचं म्हणाल तर माझे वडील खानापूर भागातल्या एका टॉकीजमध्ये बुकिंग बघायचे. पिक्चरची पेटी बसनं यायची, ती उतरवून घ्यायला मी स्टँडवर गेलोय. दिवाळीच्या आधी एजंट यायचा, गुळगुळीत कागदावरची रंगीत पत्रकं टेबलावर पसरायचा, हे येतंय ते येतंय, आणि त्यातला चालणारा एक पाहिजे तर सोबत तीन पडेल पिक्चर घ्यायचे, पैसे आधी. एका वर्षी त्यातला एक पिक्चर आलाच नाही, ॲडव्हान्स बुडाला आणि मालकाच्या शिव्या खाल्ल्या माझ्या वडिलांनी. ते पत्रक कित्येक वर्षं आमच्या ट्रंकेत होतं. आई टाकून दे म्हणायची, त्यांनी टाकलं नाही.

म्हणून १९३०च्या दशकातल्या त्या अमेरिकन पुस्तकांबद्दल वाचलं तेव्हा मला ते टेबल दिसलं. सीझन सुरू व्हायच्या आधीच छापलेलं, कित्येक पिक्चरचं शूटिंगसुद्धा झालेलं नाही, कुठं तर नुसतं नटाचं नाव, आणि तेवढ्यावर थिएटरवाल्यानं अख्ख्या वर्षाचा गठ्ठा उचलायचा. साधी जाहिरात होती तर अमेरिकेचं सरकार १९३८ला स्टुडिओंविरुद्ध कोर्टात कशाला गेलं? १९४०ला तडजोड झाली त्यात मोठ्या स्टुडिओंनी एका गठ्ठ्यात ५च्या वर पिक्चर घालायचे नाहीत आणि आधी दाखवून मगच विकायचे असं ठरलं, आणि १९४८ला सुप्रीम कोर्टानं पॅरामाउंट ह्या स्टुडिओच्या केसमध्ये गठ्ठ्यानं विकणंच बेकायदा ठरवलं. हे बेळगावात बसूनच वाचलं.

छोट्या थिएटरला वर्षभर माल मिळायची खात्री होती, गठ्ठ्यात भाडंही कमी पडायचं म्हणता, असेल, त्यावर आत्ता बोलत नाही. शुद्धलेखनाचं काढलंय तेही सोडून देतो.

पुढच्या वेळी जरूर लिहा, चुका दाखवा, पण "तुमच्यासारख्यांनी" असं परत लिहिलं तर प्रतिक्रिया ठेवणार नाही. प्रभातचं वाक्य आज बदलतो, बाकी लेख आहे तसाच राहील.