सायलेन्सर सांगितला, पुंगळी बसवली

फियाटला गप्प करून द्या, एवढंच गॅरेजच्या मिस्त्रीला सांगितलं होतं. मराठीत सांगितलं, कोकणीत सांगितलं, हिंदीतही सांगितलं. सायलेन्सरचा जुना डबा काढून समोर ठेवला होता. सडलेला होता, पण लांबी, गोलाई, पाइपाची जाडी सगळं त्याच्यावरून मोजता येत होतं. म्हटलं, सेम टू सेम असाच करा, स्वतःचं काही घालू नका. शनिवारी संध्याकाळी गाडी आणायला गेलो तर मागच्या बंपरखालून हात आत जाईल एवढी क्रोमची तोटी बाहेर आलेली. मिस्त्रीने स्टार्टर मारला, जोरात रेस केली, पलीकडच्या हार्डवेअरच्या दुकानातली पोरं बघायला बाहेर आली आणि हा मला म्हणतो, "पात्रांव, आतां पळय, आवाज कसो मारता!"

आवाज मारायला सांगितलं कोणी होतं? गाडी कोणाची? पैसे कोणाचे? "सायलेन्सर" म्हणून जी वस्तू मागितली तिचं काम काय असतं?

माझी फियाट म्हणजे 1984 सालची प्रीमियर पद्मिनी आहे. 1089 सीसी, चाळीसच्या आसपास घोडे, गिअर स्टिअरिंगला. नवा सायलेन्सर असलेल्या पद्मिनीत मागच्या सीटवरचं बोलणं पुढे ड्रायव्हरला ऐकू यायचं, काचा खाली असल्या तरी. तिचा आवाज मऊ होता. संथ चालीवर एक बारीक सूं सूं आणि गिअर टाकताना थोडी गुरगुर, बस. तो आवाज कुर्ल्याच्या कारखान्यात कोणाच्या तरी हिशेबातून आलेला होता. डब्यात कुठे पडदा, पडद्याला किती भोकं, आतली नळी कुठवर, मागची शेपटी किती लांब, हे सगळं त्या इंजिनाला बघून ठरवलेलं. आणि इथे गोव्यात ज्याच्या हातात वेल्डिंगची बंदूक आली त्याला वाटतं, डबा म्हणजे डबा, काहीही लावा.

आता लावलंय ते "फ्री फ्लो". दोन इंची पाइप, जुन्याच्या जवळजवळ दीडपट. व्यास दीडपट झाला की आतली जागा सव्वादोनपट होते, आणि तेवढाच धूर तेवढ्याच वेळात जायचा असेल तर तो रेंगाळणारच. एका सिलिंडरचा धूर वेगाने निघून गेला की त्याच्या मागे जो ओढा तयार होतो त्याने पुढच्याचा धूर खेचला जातो. पाइप बारीक असतो तो त्यासाठी. मोठ्या इंजिनाला, सहा हजार आरपीएमवर पळणाऱ्या गाडीला जाडा पाइप लागत असेल, लागू दे. माझी गाडी बाजारात जाते, देवळात जाते, लग्नाला जाते. तिची ताकद खालच्या फेऱ्यांत आहे आणि नेमकी तीच यांनी काढून घेतली. पर्वरीचा जो चढ ती टॉपमध्ये चढायची तो आता तिसऱ्यातही कण्हत चढते. मागून हॉर्न. पर्वरीला उड्डाणपुलाचं काम सुरू झाल्यापासून तिथे तसंही जीव नकोसा होतो, त्यात ही भर.

मिस्त्रीला हे बोललो तर बाजूला उभा असलेला एक पोरगा मध्ये पडला. "अंकल, बॅक प्रेशर झिरो केलाय, पिकअप वाढणार." दुसरा म्हणतो, "नाही नाही, बॅक प्रेशर लागतंच गाडीला." दोघांनी मोबाइलवर व्हिडिओ बघून मतं बनवलेली. अरे, उलटा दाब कुठल्याच इंजिनाला हवा नसतो, धुराला वेग हवा असतो. एवढी एक गोष्ट कोणाला ऐकून घ्यायची नाही. मी माझ्या पैशाने, माझ्या गाडीशेजारी उभा राहून वीस-बावीस वर्षांच्या मुलांकडून माझ्याच गाडीबद्दल शिकवण का घेऊ?

तो डबा आतून कसा आहे तेही मी बॅटरी मारून बघितलं. आरपार. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडचा उजेड दिसतो. मध्ये भोकांची नळी आणि तिच्याभोवती काचेची लोकर, संपलं. लोकर वरचा तीक्ष्ण आवाज थोडा खाते, पण खालचा जो घुमणारा ढुम्म आवाज असतो त्याला ती काही करत नाही. त्यासाठी पडदे लागतात, कप्पे लागतात, आवाज आत फिरून स्वतःवरच आदळून मरावा लागतो. चार सिलिंडरच्या गाडीत क्रँकच्या एका फेरीत दोन स्फोट, म्हणजे 2400 आरपीएमला सेकंदाला 80. नेमक्या त्याच पट्ट्यात केबिनचा पत्रा घुमायला लागतो. म्हापसा ते डिचोली असा घुमत गेलो. बायकोने अस्नोड्याला कानात बोटं घातली ती घरी पोहोचेपर्यंत काढली नाहीत. आणि ही लोकर दोन पावसाळ्यांत भिजून, जळून, तुकडे तुकडे होऊन मागून उडून जाणार. मग उरणार नुसती नळी. म्हणजे आजचा आवाज हा यातला सगळ्यात बरा आवाज आहे!

बेंडपाइपाचं बघा. मूळ पाइप वळणावरही गोल होता. यांनी हायड्रॉलिक प्रेसवर दाबून वाकवला, त्यामुळे बागेतली रबरी नळी मुडपल्यावर होते तसा तो वळणावळणाला चपटा झालाय. दोन इंची पाइप घालायचा आणि वळणावर दाबून पुन्हा सव्वा इंचाचा करायचा. मग जाडा घातलात कशाला?

हे सगळं मी एक वेळ गिळलं असतं. पण गाडी रॅम्पवर घेऊन खाली गेलो आणि डोकं फिरलं. पाइप पेट्रोलच्या लाइनला जवळजवळ चिकटून नेलाय. मोटार वाहन नियमांत स्पष्ट लिहिलंय, पेट्रोलच्या लाइनपासून एक्झॉस्ट पाइप 35 मिलिमीटरच्या आत नको. इथे माझं करंगळीचं टोक मध्ये जात नव्हतं. पाइप तापतो किती, पेट्रोल पेटतं कशाने, हे मिस्त्रीला माहीत नसेल तर त्याने दुकान बंद करावं. वेल्डिंग करताना बॅटरीची वायर काढली होती का विचारलं, तर "कित्याक?" कशाला म्हणजे? ऑल्टरनेटरचे डायोड उडतात म्हणून. मागे पेट्रोलची टाकी आहे म्हणून. शेडमध्ये आग विझवायला वाळूची एक बादली नव्हती. आत गाडीत माझी नात बसते.

आणि हँगर. रबराचे हँगर काढून टाकले आणि लोखंडी पट्टीने पाइप थेट चॅसीला वेल्ड केला. म्हणे, "आतां मागीर केन्नाच पडचो ना," म्हणजे आता कधीच पडणार नाही. अहो, इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, ते हलतं. पाइपालाही त्याच्याबरोबर हलू द्यावं लागतं, म्हणून ते रबर. तुम्ही शेपटी जखडून ठेवली तर सगळा हादरा पुढे मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या नळ्यांच्या, फ्लँजवर, पाइप जिथे बोल्टने जोडतात तिथे, जाणार. तिथली गॅस्केट फुटणार, नाहीतर मॅनिफोल्डलाच चीर जाणार. ओतीव लोखंडाचा मॅनिफोल्ड आहे तो, साध्या वेल्डिंगने धरत नाही. फ्लँजवर फुटलं की धूर पायाखालच्या फटीतून केबिनमध्ये येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, हे पुन्हा पुन्हा किती जणांना सांगायचं?

म्हटलं, काढा हे सगळं, माझा जुना डबा द्या. तर डबा नाही. भंगारवाला येऊन गेला म्हणे, त्याला दिला.

माझा डबा. माझ्या परवानगीशिवाय. नमुना म्हणून ठेवलेला. पद्मिनीचा मूळ मापाचा डबा आज मिळतो कुठे? 2001 च्या आसपास गाडी बंद झाली. मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी धावत होती तोवर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर काही ना काही सापडायचं. ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली आणि तेही आटलं. आता मिळतो तो पातळ पत्र्याचा, नखाने वाजवला तरी डबडब करणारा, आत पडदे आहेत की नाही देव जाणे, आणि वर "ओरिजिनल" म्हणून दुप्पट भाव. तो सडका डबा म्हणूनच जपला होता. तो कापून आतलं बघून कोणीही चांगला कारागीर नवीन बनवू शकला असता. किलोवर विकला त्यांनी. किती रुपये आले असतील?

गाडी तशीच बाहेर काढली तर चौकात पोलिसाने हात दाखवला. "सायलेन्सर मॉडिफाय केलाय." हो, केलाय, माझ्या इच्छेविरुद्ध केलाय! ध्वनिप्रदूषणाच्या कलमात 10,000 पर्यंत दंड आहे, मला ठाऊक आहे आणि ते कलम मला पूर्ण मान्य आहे. समज देऊन सोडलं त्याने, माणूस चांगला होता. पण त्याच चौकातून त्याच मिनिटाला पुंगळी काढलेल्या तीन बुलेटी फट् फट् फटाके फोडत गेल्या आणि त्यांना कोणी हात दाखवला नाही. आमच्या वाड्यावर रात्री साडेअकराला इंदोरी, म्हणजे फटफटणारा सायलेन्सर लावलेली बुलेट येते तेव्हा पाळण्यातली पोरं दचकून उठतात. काळ्या पाटीच्या भाड्याच्या गाड्या घेऊन आलेले पर्यटक चर्चसमोर, हॉस्पिटलसमोर रेस मारतात. या सगळ्यांना आवाज हवाय, म्हणून गॅरेजवाल्यांनी ठरवून टाकलं की सगळ्यांनाच हवाय. शांत गाडी मागणारा माणूस आला तर त्यांना ते ऐकूच येत नाही.

आणि जुनी गाडी ठेवणाऱ्याला या देशात काय काय भरावं लागतं! नोंदणीचं नूतनीकरण 600 रुपयांवरून एप्रिल 2022 मध्ये 5,000 झालं, पुढे वीस वर्षांवरच्या गाडीला 10,000. व्हिंटेज म्हणून नोंदवावी तर पन्नास वर्षं पूर्ण हवीत, आणि नोंदवली की रोज रस्त्यावर काढायची नाही, फक्त रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्ती. मला गाडी चालवायची आहे, काचेच्या कपाटात ठेवायची नाही. पीयूसी दर सहा महिन्यांनी. माझी गाडी 3 टक्के कार्बन मोनॉक्साइडच्या मर्यादेत आरामात बसते, कार्ब्युरेटर मी स्वतः लावतो. पण आता या सांध्यासांध्यातून हवा आत ओढली जाणार आणि नळीतला आकडाच खोटा येणार. खोटा पास मला नकोय.

त्यात मेव्हणे. प्रत्येक चतुर्थीला गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधून झाली की सुरू. "भावोजी, विकून टाका, सुटे भाग मिळत नाहीत." नाही विकणार. पुढच्या चतुर्थीलाही विचारू नका.

गोव्याच्या हवेत सायलेन्सर टिकत नाही हे बोलणं तर ऐकून ऐकून कान किटले. टिकत नाही कारण टिकेल असा कोणी बनवत नाही. लिटरभर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. लांब पल्ल्यात ते वाफ होऊन जातं, पण घर ते बाजार एवढ्याच फेऱ्यांत डबा तापत नाही, पाणी तळाला साचतं आणि डबा आतून कुजतो. बाहेरून मीठ आणि चार महिने पाऊस. साध्या पत्र्यावर रुपेरी रंग मारून काय होणार? 409 चं स्टेनलेस वापरा, वरून तांबूस पडेल पण वर्षानुवर्षं भोक पडणार नाही. ऐपत असेल तर 304 घ्या. डब्याच्या सगळ्यात खालच्या जागी तीन मिलिमीटरचं भोक ठेवा, पाणी गळून जाईल. हे सांगितलं तर मिस्त्री म्हणतो, भोक ठेवलं तर गिऱ्हाईक भांडायला येतं. मी तर भोक नाही म्हणून भांडायला आलो होतो.

पैसे अर्धे दिले. उरलेले देणार नाही, काय करायचं ते करा. रबरी हँगर मी स्वतः परत बसवले, पट्टी ग्राइंडरने कापली, पेट्रोलची लाइन क्लिपा लावून बाजूला घेतली, कारण तेवढं केल्याशिवाय ती गाडी रस्त्यावर काढणं गुन्हा आहे.

आता गाडी कोल्हापूरला नेणार. उद्यमनगरात अजून हाताने पत्रा वळवून ट्रॅक्टरचे सायलेन्सर करणारी माणसं आहेत, त्यांना कप्पे म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. सावंतवाडीच्या एका मित्राकडे पद्मिनीचा सडका डबा माळ्यावर निघालाय, तो तो देतोय. आंबोलीचा घाट या भोंग्यासकट चढावा लागणार, त्याला इलाज नाही. त्यांना द्यायचा कागद लिहून ठेवलाय: पाइप जुन्याच मापाचा, वळणं गोल, आत तीन कप्पे, लोकर नाही, 409 चा पत्रा, तळाला भोक, पुढच्या फ्लँजला नवी गॅस्केट, शेपटीला तोटी नाही. सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत: आवाज नको.