‘सुरुवात पाठ करू द्या की’ म्हणणाऱ्या सरांना उत्तर

सर नमस्कार. कमेंट वाचली, उत्तर लांबलं म्हणून वेगळं टाकतेय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते, मागच्या पोस्टमध्ये मी पोरांना म्हटलं होतं की अनुभवाचा निबंध लिहिताना पहिली ओळ सोडा, मधूनच लिहायला लागा. सरांचं म्हणणं, ठरलेली सुरुवात पाठ असली की पोरगं निदान कोरा पेपर देत नाही. दुसरं, आपल्या पोरांच्या आयुष्यात लिहिण्यासारखं घडतंय तरी काय. आणि तिसरं, मी त्यांना घरची भाषा घालू देते म्हणजे मार्क घालवायचे धंदे.

बोर्डाचं आधी उरकते. दहावीच्या मराठीच्या, म्हणजे कुमारभारतीच्या, ८० मार्कांत हे लेखन ८ मार्कांचं, त्यातही प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक यातलं एकच लिहायचं. आत्मकथनात तर नदी नाहीतर फाटकं पुस्तक बोलणार, पोराला स्वतःचं काही सांगायचंच नसतं. तिथं खुशाल पाठ करून घ्या, माझी ना नाही. मी बोलत होते ते शाळा घरून लिहून आणायला सांगते त्या ‘माझा अविस्मरणीय अनुभव’ टाइप निबंधाबद्दल. तिथं हाताशी वेळ असतो, आणि तरी सगळा वर्ग ‘मानवी जीवन सुखदुःखाने भरलेले आहे’ यानंच सुरू करतो. तपासताना तुम्हाला तरी कंटाळा येत नाही का ओ?

आता ‘घडतंय तरी काय’. पोरंपण हेच म्हणतात, मॅडम आमच्यात काहीच घडत नाही ओ. मग काय, सगळे गड्ड्यावर, म्हणजे आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेवर लिहितात. संक्रांत, सात नंदीध्वज, अक्षता सोहळा, होम मैदानावरचे पाळणे, संपला निबंध. हे तर सगळ्या सोलापूरनं बघितलंय, त्यात तू कुठायस? एवढं विचारलं की एखादा हळूच सांगतो, पाळण्यात बसायला पैसे दिले होते ते मी दुसरीकडंच उडवले आणि घरी लई भारी होता पाळणा म्हणून थाप मारली. घ्या, हा झाला अनुभव!

एका पोरीचं जरा सविस्तर सांगते. पूर्व भागातली, घरी तेलुगू, आई विड्या वळते. तिनं लिहून आणलं होतं ‘माझी आई अपार कष्ट करते’, आणि पुढं पान कोरं. मी म्हटलं कष्ट बाजूला ठेव, आईच्या मांडीवर काय असतं ते सांग. सूप. सुपात? भिजवून मापानं कापलेली पानं, तंबाखू, दोऱ्याचं रीळ. आणि तू काय करतेस तेव्हा? तर म्हणाली, सुट्टीच्या दिवशी मी टोकं बंद करू लागते. मग जरा थांबून, एकदा आईनं माल दिला तेव्हा तपासणाऱ्यानं मूठभर विड्या बाजूला काढल्या, त्या माझ्या होत्या. मजुरी हजार विड्यांवर मिळते, म्हणजे बाद झालेला माल आईच्याच अंगावर. आई रस्ताभर काही बोलली नाही, आणि दुसऱ्या दिवशी सूप घेऊन बसली तेव्हा हिला हाक मारली नाही. सर, एवढं तोंडानं सांगायला तिला पाच मिनिटंही लागली नाहीत. ‘अपार कष्ट’ हे दोन शब्द कुणालाही लिहिता येतात, हाक न मारलेली फक्त तिलाच माहितेय. मी तिला म्हटलं, लिहायला लाग ती मूठ बाजूला निघाली तिथून. सूप, पानं वगैरे ओघात येतंय.

माझी पद्धत एवढीच आहे. आधी बोलून घ्यायचं, कुणी ऐकणारं नसेल तर मोबाईलवर रेकॉर्ड करायचं, मग त्यात जिथं आवाज अडखळला किंवा हसू आलं तो तुकडा पहिल्यांदा कागदावर उतरवायचा. आधीचं नंतरचं सगळं मागाहून. पहिली ओळ सगळ्यात शेवटी बसवायची, कारण निबंध कशावर झालाय हे तोवर खुद्द पोरालाच माहीत नसतं. तुमचं ते ‘मुद्दे काढा, प्रस्तावना मध्य शेवट’ वाईट आहे असं नाही म्हणत, पण ते कच्चं लिहून झाल्यावर उपयोगी पडतं. कापडच विणून झालं नसेल तर कात्री घेऊन बसून काय करणार.

भाषेचं म्हणाल तर मी सरसकट मोकळीक देत नाही. पोरगं स्वतः सांगतंय तो भाग प्रमाण मराठीत, शुद्धलेखन तपासून. पण घरातलं माणूस बोलतं तेव्हा ते त्याच्यासारखंच बोलणार. अम्मा म्हणणाऱ्या पोरीकडून कागदावर ‘हे मातोश्री’ वदवून घेण्यात मला तरी शुद्ध काही दिसत नाही. यावर तुमचे मार्क जातात म्हणता तर कुठे आणि किती कापता ते सांगा, मी पोरांना तसं सांगेन.

आणि एक, शब्दमर्यादेचं तुमच्या शाळेत काय ठरलंय ते कळवा प्लीज. माझ्याकडच्या काहींना ३०० सांगितलेत, काहींना ५००, आणि ५००वाली पोरं सूर्योदयाचं वर्णन घालून भरती करायलेत, तेही प्रसंग रात्रीचा असताना.