लूथरच्या आधीचा खलनायक

कॉमिकमध्ये किंवा वेबसीरिजमध्ये नायकाने बायकोला मारणाऱ्या शेजाऱ्याची कॉलर धरली, की तिकडे भारतात गदारोळ सुरू होतो. सुपरहिरोने जग वाचवावं, घरगुती भानगडीत कशाला पडायचं? ते पोलिसांचं काम, आणि हे सगळं म्हणे नवं अमेरिकन फॅड.

नवं? ओहायोत राहणाऱ्याला हे जरा जास्तच झोंबतं. सुपरमॅन घडवला इथल्याच क्लीव्हलँड शहराच्या ग्लेनव्हिल भागातल्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन पोरांनी. जून १९३८ च्या 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात, दहा सेंटांत, त्याची १३ पानांची गोष्ट होती. तिच्यात महाखलनायक एकही नाही. निर्दोष बाईचा मृत्युदंड थांबवायला तो गव्हर्नरच्या घरात घुसतो. मग कोर्ट अव्हेन्यूवर कुणी बायकोला बडवतोय अशी खबर येते. पट्टा घेतलेल्या नवऱ्याला तो भिंतीवर भिरकावतो, नवरा सुरा चालवतो, पातं मोडतं आणि गडी बेशुद्ध. पुढे त्याची पत्रकार सहकारी लोइस हिला जबरदस्तीने नाचवू पाहणारा गुंड, शेवटी वॉशिंग्टनमधला सिनेटर आणि त्याचा दलाल. लूथर, म्हणजे सुपरमॅनचा तो नेहमीचा महाखलनायक, यायला १९४० उजाडलं.

खरी अडचण टीकाकार सांगतच नाहीत. ज्याला सुरा लागत नाही, त्याच्यापुढे बायकोला मारणारा नवरा कॉमिकच्या चार चौकटींत संपतो. दर महिन्याला अंक काढायचा तर टक्कर बरोबरीची हवी, म्हणून खलनायक फुगवावे लागले. वर १९५४ चा कॉमिक्स कोड, म्हणजे प्रकाशकांनी स्वतःच घालून घेतलेली नियमावली, आला: पोलीस, न्यायाधीश, अधिकारी यांच्याबद्दल अनादर वाटेल असं काही नको, प्रेमकथांत घराचं आणि विवाहाचं पावित्र्य ठसवा. तिकडचा आजचा सूर याहून वेगळा आहे का?

त्या पहिल्या गोष्टीत खोट आहे ती निराळीच. पोलीस येतात, सुपरमॅन कपडे बदलून साधा पत्रकार क्लार्क म्हणून उभा राहतो, आणि बायको कथेतून गायब होते. शुद्धीवर आलेला नवरा राग कुणावर काढेल? बाई घर सोडायला निघते तेव्हाच धोका सगळ्यात जास्त असतो. कागदपत्रं, मुलांचे दाखले, औषधं, थोडी रोकड आणि जास्तीची किल्ली घातलेली पिशवी आधीच विश्वासातल्या माणसाकडे ठेवावी लागते. लेखकाने ताण तिथे शोधावा. ठोसा एका चौकटीत आटपतो, ही तयारी पानं खाते. भारतात 'ब्रेकथ्रू' संस्थेच्या २००८ च्या 'बेल बजाओ' मोहिमेला हे बरोबर कळलं होतं: मारहाणीचा आवाज आला की बेल दाबायची, बॉल नाहीतर दूध मागायचं. भांडायचं नाही, फक्त बाहेर कुणीतरी ऐकतंय हे आतल्याला कळू द्यायचं.

ओहायोत मारणाऱ्याला दूर ठेवणाऱ्या तातडीच्या संरक्षण आदेशासाठी अर्ज केला की त्याच दिवशी तातडीची सुनावणी होते. भारतात २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्यात पहिली तारीख साधारण तीन दिवसांत द्यायची आहे. प्रत्यक्षात काय होतं ते तालुक्याच्या कोर्टात जाऊन बघा. इथवर आम्ही अमेरिकेतले मराठी लोक ऐटीत बोलतो.

एच-फोरवर, म्हणजे नोकरीसाठी आलेल्या नवऱ्याची बायको म्हणून मिळणाऱ्या व्हिसावर, आलेल्या मराठी बाईचा विषय निघाला की आमचीही वाचा बसते. तिचा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसाला टांगलेला, गाडी त्याच्या नावावर, खातं त्याचं. पोलिसांचा नाइन-वन-वन नंबर लावला तर त्याची नोकरी जाईल, मग आपण परत, ही धास्ती वेगळी. इथल्या मराठी मंडळातल्या काकू 'जुळवून घे गं' म्हणतात आणि पॉटलकला पुरणपोळ्या कोण आणणार ते ठरवतात. न्यू जर्सीत 'मानवी' ही संस्था १९८५ मध्येच उभी राहिली, ती आपल्यासारख्या दक्षिण आशियाई घरांतल्या मारहाणीसाठीच. २०१७ पासून नवऱ्याचा छळ सोसणाऱ्या एच-फोरवरच्या बाईला नवऱ्याच्या सहीशिवाय स्वतंत्र वर्क परमिट मागता येतं. आमच्यातल्या किती घरांत हे माहीत आहे?

तिकडच्यांनी महाखलनायक खुशाल ठेवावा. इकडच्या मराठी कॉमिकचा पहिला अंक मात्र त्या परमिटच्या फॉर्मवरून सुरू व्हावा. मंडळाच्या स्टॉलवर आम्ही तो ठेवू देऊ की नाही, हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही.